माणसं वाढली म्हणून विहीर आटली का?

एका शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा: "नववीला 'लोकसंख्यावाढीचे नैसर्गिक संसाधनांवर होणारे परिणाम' शिकवतो. मुलं पाठ करून लिहितात, माणसं वाढली म्हणून पाणी कमी पडलं. आमच्या गावात १९९१ साली अकराशे माणसं होती, आता अठराशे आहेत. तेव्हा विहिरींना मेपर्यंत पाणी असायचं, आता फेब्रुवारीतच टँकर लागतो. म्हणजे पुस्तकातलं बरोबरच ना?"

सर, मी भूजलाचं काम करतो. सत्तावीस वर्षं झाली. विहिरीत टेप सोडायचा, खडक बघायचा, नकाशे करायचे आणि ग्रामसभेत शिव्या खायच्या, हा धंदा. जंगल, जमीन, खनिजं यांबद्दल बोलणारे माझ्यापेक्षा जाणकार आहेत, तेव्हा मी विहिरीपुरतंच बोलतो. पुस्तकातलं उत्तर खोटं नाही. पण तुमच्याच गावाला लावून बघा, हिशोब जुळत नाही.

जलजीवन मिशनने खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. वर्षाचे झाले २० हजार लिटर. तुमच्याकडे माणसं वाढली ७००. त्यांचं वर्षाचं पाणी १ कोटी ४० लाख लिटर. आकडा ऐकून छाती दडपते. आता त्याच्या शेजारी एक एकर ऊस उभा करा. पाटाने भिजवलेल्या उसाला लावणीपासून तोडणीपर्यंत साधारण दोन मीटर पाणी लागतं. पावसाचं त्यातून वजा केलं तरी दीड मीटर जमिनीतून काढून द्यावं लागतं. एकरभर रानावर दीड मीटर पाणी म्हणजे ६० लाख लिटर. तीनशे माणसांचं वर्ष एका एकरात. तीस वर्षांत तुमच्या गावात वाढलेली सगळी माणसं मिळून सव्वादोन एकर उसाइतकं पाणी वापरतात. त्यांची गुरंढोरं धरा, चार एकर म्हणा.

आता जमेची बाजू. शिवार किती ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी ९०० हेक्टर धरतो आणि पाऊस ५५० मिलिमीटर. म्हणजे शिवारावर दरवर्षी ४९५ कोटी लिटर पाणी पडतं. आपल्याकडच्या काळ्या खडकात त्यातलं फार मुरत नाही. मुरूम असेल तर शंभरातलं ७ च्या आसपास, भेगा-पोकळ्यांचा खडक असेल तर १३ पर्यंत. मधलं १० धरू. जमिनीखाली गेलं साधारण ५० कोटी लिटर. अख्ख्या गावाला, अठराशे माणसांना, प्यायला-वापरायला लागतं ३ कोटी ६० लाख. जमेच्या सात टक्के.

उरलेलं ४६ कोटी कुठे गेलं? थोडं ओढ्याने खाली वाहून जातं. बाकीचं संपवायला ७५ एकर ऊस पुरतो. शिवार आहे सव्वाबावीसशे एकराचं. त्यातल्या ७५ एकरांवर ऊस, किंवा त्याहून जास्त रानावर उन्हाळी कांदा आणि मका, एवढ्यावर सगळी जमा उडते आणि गावाची नळयोजना फेब्रुवारीत कोरडी पडते. तुमच्या गावात ऊस किती, मोसंबी किती, मला माहीत नाही. पण तलाठी कार्यालयात पीकपाहणी आहे, मुलांना तिथे पाठवा.

हे तुमच्या गावापुरतं नाही. देशात जमिनीखालून उपसलेल्या पाण्यापैकी साधारण ८७ टक्के पाणी शेतीला जातं, महाराष्ट्रात त्याहून थोडं जास्तच. प्यायचं, धुण्याभांड्याचं आणि कारखान्यांचं मिळून जे उरतं ते इतकं थोडं आहे की उद्या गावातली निम्मी माणसं उठून पुण्याला गेली तरी विहिरीची पातळी हलणार नाही.

तसं प्रत्यक्षात झालेलंही आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरीची जवळजवळ १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. पाऊस तिथे तीन हजार मिलिमीटरच्या वर. पुस्तकाच्या हिशोबाने तिथे पाण्याचा सुकाळ हवा. तरी दर उन्हाळ्यात तिथल्या धनगरवाड्यांवर टँकर चढतात, कारण जांभा हा चाळणीसारखा दगड आहे. पाऊस त्यात भराभर शिरतो आणि कड्याखाली झऱ्यांनी भराभर निघूनही जातो. दिवाळीला तुडुंब विहीर, शिमग्याला तळ. गावात माणूस नाही, वाड्याला कुलूप, आणि दारात पाण्याचा टँकर, असं चित्र मी स्वतः पाहिलं आहे.

उलट बाजूला या. राज्यात भूजलाचा अतिउपसा झालेले तालुके म्हणून कुणाची नावं वर्षानुवर्षं येतात? अमरावतीतले वरुड आणि मोर्शी, म्हणजे संत्रा. जळगावातले रावेर आणि यावल, म्हणजे केळी. तिथे काही मुंबईसारखी दाटी नाही. अतिउपशाचा नकाशा आणि जनगणनेचा नकाशा एकमेकांवर ठेवा, जुळत नाहीत. पिकांचा नकाशा ठेवा, रेघ न रेघ जुळते.

तुमच्या पुस्तकात आणखी एक आकडा असेल: १९५१ साली देशात माणशी ५१७७ घनमीटर पाणी होतं, २०११ ला १५४५ उरलं, आणि १७०० च्या खाली म्हणजे ताण. आकडा खरा आहे. पण तो नुसता भागाकार आहे. वर देशातलं सगळं पाणी, ब्रह्मपुत्रेच्या पुरासकट, आणि खाली सगळी माणसं. वरचा आकडा जवळपास तोच राहतो, खालचा वाढतो, उत्तर घटतं. तुमच्या विहिरीबद्दल तो भागाकार काहीही सांगत नाही. मुलांना तो गणिताच्या तासाला शिकवा, भूगोलाच्या नको.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी लोकसंख्येला निर्दोष सोडतोय. तसं नाही. लोकसंख्या विहिरीपर्यंत पोचतेच, पण पुस्तकात दाखवलेल्या वाटेने येत नाही. ती वाटणीच्या वाटेने येते.

एक विहीर सांगतो. मराठवाड्याच्या कडेचं गाव, नाव नको. २००१ साली मी तिथे पहिल्यांदा टेप सोडला. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी सुरुंग लावून खणलेली, आठ परस खोल, तळाशी काळा कातळ, त्याच्यावर मुरूम आणि मुरमातून सुटलेले तीन झरे. रान सोळा एकर, भाऊ चार. सातबारावर प्रत्येकाच्या नावापुढे 'विहीर सामाईक, १/४ हिस्सा'. विहिरीवर एकच पाच एचपीची मोटार आणि पाळी ठरलेली: थोरल्याचे दोन दिवस, मग दुसऱ्याचे, असं आठ दिवसांचं चक्र. पाळीचा हिशोब थोरल्या वहिनींकडे. मोटारीच्या खोलीच्या आतल्या भिंतीवर त्या कोळशाने रेघा मारायच्या. लाईट गेली तर अर्धी रेघ. वाद झाला की सगळे भिंतीपाशी. विहिरीला रोज थोडी उसंत मिळायची, रात्रीतून झरे तिला भरायचे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वहिनीच सांगायच्या, यंदा जनावरांचा घास सोडून काही लावायचं नाही. तेव्हा ते मला घरगुती कटकट वाटलं. भूजलाचं नियमन म्हणतात ते माझ्यासमोर भिंतीवर कोळशाने लिहिलेलं होतं, हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

२००९ ला परत गेलो तेव्हा भावांच्या वाटण्या झाल्या होत्या. विहीर थोरल्याच्या तुकड्यात आली. बाकीच्यांनी हक्क सोडला नव्हता, पण दुसऱ्याच्या रानातून पाइप टाकायचा म्हणजे रोजची भांडणं. तिघांनी तीन बोअर घेतले: २०० फूट, २८० फूट, ३५० फूट. २०१९ ला गेलो तेव्हा मुलंही वेगळी झालेली. सोळा एकरांत अकरा खातेदार आणि सतरा बोअर. शेवटचा ४८० फूट, फेल. आजोबांच्या विहिरीत पिंपळ उगवलेला. मोटारीच्या खोलीचं छप्पर गेलेलं, पण कोपऱ्यात चार-पाच रेघा शिल्लक होत्या.

माणसं चारपट झाली नव्हती, हे लक्षात घ्या. घरातली मंडळी जेमतेम दुप्पट. पण एका पाण्यावरचे मालक चाराचे अकरा झाले आणि भोकं एकाची सतरा. हे एका घराचं दुर्दैव आहे असं समजू नका. राज्यात १९७०-७१ साली शेतजमिनीची सुमारे ४९ लाख ५० हजार खाती होती, सरासरी धारणा, म्हणजे एका खात्यामागची जमीन, ४.२८ हेक्टर. २०१५-१६ ला खाती दीड कोटीच्या वर आणि धारणा १.३४ हेक्टर. खाती तिप्पट झाली. दोन-तीन एकरांच्या तुकड्यावर ज्वारी-बाजरी पिकवून घर चालत नाही, म्हणून त्याला बागायत हवी. बागायतीला पाणी हवं. शेजाऱ्याच्या पाण्यावर भरवसा नाही, म्हणून स्वतःचं बोअर हवं. लोकसंख्या जमिनीखालच्या पाण्याला खाते ती अशी, तहानेने नव्हे.

खाली काय होतं ते जरा बारकाईने सांगतो, कारण ग्रामसभेत सगळ्यात जास्त गैरसमज इथे असतो. लोकांना वाटतं जमिनीखाली नद्या वाहतात, पाणाड्याने नारळ उभा केला की तिथे शीर. महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून अधिक भूभागाखाली लाव्ह्याचा थर-थर रचलेला काळा खडक आहे. घट्ट कातळ, त्यावर फोडांचा सच्छिद्र खडक, मध्ये कधी तांबडा गेरू, परत कातळ. पाणी राहतं ते मुरमात, भेगांत आणि त्या फोडांच्या थरात. किती राहतं? चांगल्या मुरमाच्याही शंभर लिटर जागेत हाती लागणारं पाणी दोन लिटर, फार तर तीन. आता एक एकर रान घ्या. त्याच्याखालची पातळी एक मीटरने उतरली तर पाणी निघतं ८१ हजार लिटर. पाच एचपीची मोटार तासाला वीस हजार लिटर ओढत असेल तर चार तासांचं काम. आजूबाजूच्या रानातून झिरपून येतं म्हणून विहीर चार तासांत कोरडी पडत नाही, एवढंच. पण ते येतं शेजाऱ्याच्या खालून. मोटार चालवताना प्रत्येक जण दुसऱ्याचं पाणी ओढत असतो आणि दुसरा त्याचं.

बोअरची गोष्ट आणखी वेगळी. बोअर पाडणारी रिगची गाडी येते ती बहुतेक वेळा तमिळनाडूची, तिरुचेंगोडची. रात्रीतून काम उरकते. वरचे वीस-तीस फूट केसिंग, म्हणजे पाइपाचं अस्तर, टाकतात आणि खाली उघडं भोक सोडतात. या भोकाने वरचे आणि खालचे थर एकमेकांना जोडले जातात. एप्रिलमध्ये एखाद्या बंद पडलेल्या बोअरच्या तोंडाला कान लावा. कित्येकदा आत पाणी पडल्याचा आवाज येतो, धो धो. मालक खुश होतो, म्हणतो पाणी आहे. ते वरच्या मुरमातलं, म्हणजे शेजारच्या विहिरीचं पाणी असतं आणि ते खालच्या भेगांत गळत असतं. ४८० फुटांचं फेल गेलेलं बोअरसुद्धा अशी चोरी करत राहतं, वर्षानुवर्षं. फेल बोअर माती भरून नीट बुजवा, असं मी ओरडून सांगतो. बहुतेक ठिकाणी त्यावर एक दगड ठेवतात.

खोल जाण्याचा दुसरा भुर्दंड दातांवर दिसतो. खडकात जास्त काळ राहिलेलं पाणी फ्लोराइड घेऊन येतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात ते यामुळे.

जुनी माणसं मोटेच्या काळाबद्दल हळवी होतात, मी होत नाही. मोट ओढताना बैलांची पाठ सोलून निघायची. पण मोटेला एक मर्यादा होती: बैल दमायचा. दुपारी सोडावाच लागायचा, आणि तेवढ्यात विहीर भरायची. मोटार दमत नाही. वर शेतीची लाईट कधी येईल याचा नेम नाही, म्हणून ऑटो स्विच लावलेला. लाईट आली की रात्री दोन वाजता मोटार आपोआप सुरू, पिकाला गरज असो-नसो. २०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत आहे, सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना. थकबाकीखाली दबलेल्या शेतकऱ्याला तो दिलासा आहे, हे मी नाकारत नाही. पण मोटार बंद करायला एरवी जे एक कारण उरलं होतं तेही गेलं.

आता लोकसंख्येचा दुसरा, लांबचा हात. तुमच्या गावातला ऊस तुमचं गाव खात नाही. कांदाही नाही. तो दिल्लीला, कोलकात्याला, आखातात जातो. मुंबई-पुण्याच्या चहातली साखर ही कुठल्या तरी शिवारातली पाण्याची पातळी असते. त्या अर्थाने देशाची वाढलेली लोकसंख्या तुमच्या विहिरीतून पिते, फक्त तिचा पत्ता वेगळा असतो. मुलांना हे सांगा. गावातली सातशे माणसं वाढली हा मुद्दाच नाही. १९५१ ला देशात ३६ कोटी होते, २०११ ला १२१ कोटी झाले, आणि त्यांचं ताट तुमच्या रानात पिकतं. तरीही काय पिकवायचं हा निर्णय पोटाने घेतलेला नसतो. उसाला ठरलेला भाव आणि ठरलेलं गिऱ्हाईक आहे, ज्वारीला हमीभाव जाहीर होतो पण ठरलेलं गिऱ्हाईक नाही. मी शेतकरी असतो तर मीही ऊसच लावला असता.

२०१६ चं लातूर आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. आधी दहा वाघिणी, मग पन्नास, म्हणजे खेपेला २५ लाख लिटर. शहराची २०११ ची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या वर, म्हणजे एका खेपेत माणशी साडेसहा लिटर. सगळ्या देशाने ती गाडी टीव्हीवर पाहिली. ती अख्खी खेप उसाच्या किती रानाला पुरली असती? वर काढलेल्या हिशोबाने अर्ध्या एकरालाही नाही. त्याच जिल्ह्यात उसाचे कारखाने किती आहेत, हे त्या दिवसांत फार थोड्यांनी विचारलं.

शहरांबद्दल एवढंच सांगतो की तिथे माणसं वाढण्याचा हिशोब खरंच वेगळा आहे. तिथे डोकं वाढलं की मागणी सरळ वाढते. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची साठवण मिळून साधारण २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट. त्यातूनच कालवा दौंड-इंदापूरला जातो. शहर जेवढं जास्त उचलेल तेवढं आवर्तन मागे पडतं, आणि कालव्याचं पाणी लांबलं की तिथला शेतकरी बोअर घेतो. पुन्हा बोअरच.

आणि वाळू. ही गोष्ट पाण्याच्या पुस्तकात येत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. माणसं वाढली की घरं वाढतात, घरांना वाळू लागते. नदीच्या पात्रातली वाळू ही पाण्याची टाकी असते. मुरमाच्या शंभर लिटर जागेत दोन लिटर पाणी, वाळूच्या शंभर लिटरमध्ये सोळाच्या आसपास. नदी वरून कोरडी दिसली तरी वाळू हातभर उकरली की झिरा लागायचा, बायका वाटीने कळशी भरायच्या. भीमा, सीना, गोदावरीच्या काठांवर मी असे पट्टे पाहिले आहेत जिथे वाळू संपून खालचा खडक उघडा पडलाय. तिथल्या काठच्या विहिरी, ज्या बहात्तरला आटल्या नव्हत्या, त्या आता मार्चला आटतात. लोकसंख्या आणि निसर्ग यांचा थेट संबंध दाखवायचा असेल तर मुलांना ऊस नको, वाळूचा ट्रक दाखवा.

मग जन्मदर कमी झाला की विहिरी भरतील का? जन्मदर कमी झालाच आहे. महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी मुलं १९९२-९३ च्या पाहणीत २.९ होती, २०१९-२१ च्या पाहणीत १.७. दोन माणसांच्या जागी दोन माणसंही येत नाहीत. याच तीस वर्षांत बोअर किती वाढले हे तुमच्या गावातली कुणीही आजी सांगेल. 'हम दो हमारे दो' च्या पाट्या भिंतीवर रंगल्या आणि त्याच भिंतीला टेकून रिगची गाडी उभी राहिली.

हिवरे बाजारचं उदाहरण सगळे देतात, मीही देतो, पण एका वेगळ्या कारणासाठी. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं, जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाचं हे गाव. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर नव्वदच्या दशकात तिथे काम सुरू झालं. आदर्श गाव योजनेच्या नियमांत नसबंदीही होती, ते लपवायचं कारण नाही. पण गावाची माणसं घटली नाहीत. मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबं परत आली, माणसं वाढली, आणि विहिरींचं पाणीही वाढलं. का? चर-बांध सगळीकडे होतात. तिथे त्याबरोबर बोअरने शेती भिजवायला बंदी घातली, ऊस आणि केळीला बंदी घातली, आणि दर पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीत काय लावायचं ते ठरवलं. पाऊस कमी, तर पिकं कमी. त्या वहिनींच्या कोळशाच्या रेघा अख्ख्या गावाने आपल्या भिंतीवर काढल्या म्हणा. बाकीच्या गावांनी चर खणले, फोटो काढले, आणि मुरलेल्या पाण्यावर नवे बोअर घेतले. ठिबकचंही तसंच. निम्मं पाणी वाचतं, आणि वाचलेल्या पाण्यात बाजूचा एकर भिजतो. प्लॅस्टिकची शेततळी तर कळस. थंडीत बोअरने खालचं पाणी उपसून वर भरून ठेवायचं, आणि वर्षाला दीड-दोन मीटर पाणी उन्हाने उडू द्यायचं.

कायदे आहेत. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला मनाई केली. २००९ च्या भूजल अधिनियमाने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई केली. सत्तावीस वर्षांत ६० मीटरला थांबलेली रिगची गाडी मी मोजकीच पाहिली, आणि त्यातल्या काही डिझेल संपलं म्हणून थांबल्या होत्या.

आता तुमचा वर्ग. धडा शिकवा, परीक्षेत तेच उत्तर लिहायचं आहे, मार्क जायला नकोत. पण एक काम मुलांकडून करून घ्या. शाळेजवळच्या तीन विहिरी निवडा: एक गावठाणातली, एक ओढ्याकाठची, एक वरच्या माळावरची. दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा, टोकाला लोखंडी वजन. दर महिन्याच्या एक तारखेला कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहा. ऑक्टोबरचं माप चुकवू नका, तीच वर्षाची शिल्लक असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला तिच्या निरीक्षण विहिरी मोजते. तुमच्या तालुक्यातली अशी विहीर कोणती ते त्यांच्या जिल्हा कार्यालयात विचारा, म्हणजे मुलांना आपली मापं ताडून बघता येतील. त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर त्या महिन्यात शिवारात कुठलं पीक किती एकर उभं आहे आणि बोअर किती चालू आहेत ते लिहायला सांगा. तिसऱ्या पानावर गावात जन्म किती, मृत्यू किती, बाहेर कोण गेलं, परत कोण आलं. दोन वर्षांनी तिन्ही पानं शेजारी ठेवा.

माप घेताना एक सांभाळा. मोटार बंद होऊन निदान चार-पाच तास झालेले हवेत, नाहीतर मुलं उपशाची पातळी मोजतील. सकाळी लवकर, लाईट यायच्या आधी गेलेलं बरं. आणि मुलांना कठड्यावर वाकू देऊ नका, दोरी तुम्ही सोडा.